चाळिशीनंतरची त्वचा: खर्च थोडा, सावधगिरी अधिक

औषधाच्या दुकानात संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटे उभे राहिले, तर एक प्रसंग हमखास पाहावयास मिळतो. चाळिशी-पंचेचाळिशीतील एखादी स्त्री येते, गालावरील तपकिरी डागाकडे बोट दाखवते आणि ‘यावर काहीतरी द्या’ म्हणते. काउंटरमागचा मुलगा सवयीने हात लांब करतो आणि फळीवरून एक ट्यूब काढून देतो. चिठ्ठी नाही, चौकशी नाही. ट्यूब स्वस्त असते आणि दोन-तीन आठवड्यांत गुणही दाखवते. खरी अडचण तेथूनच सुरू होते.

मध्यमवयातील त्वचेला रोज लागणाऱ्या गोष्टी मोजून तीन आहेत. सौम्यपणे धुणे, ओलावा टिकवणे आणि उन्हापासून आडोसा. या तिन्ही गोष्टी साध्या, घरच्या घरी होणाऱ्या आणि खिशाला परवडणाऱ्या आहेत. त्यांच्यात नावीन्य नाही, त्यामुळे त्यांची जाहिरातही फारशी होत नाही. या वयात महाग पडते ती चौथी, न विचारता आणलेली वस्तू. ती दोनशे रुपयांची असली तरी तिची किंमत पुढे वर्षानुवर्षे फेडावी लागते.

त्वचेत नेमके काय बदलते

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराची रचना विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखी असते. मृत पेशी या विटा, तर त्यांच्यामध्ये भरलेली सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हा चुना. हा चुना शाबूत असेपर्यंत आतले पाणी आत राहते. चाळिशीनंतर तो विरळ होऊ लागतो, तैलग्रंथींचे काम मंदावते, जुन्या पेशी गळून नव्या वर येण्यास अधिक दिवस लागतात. परिणामी त्वचा कोरडी, खरखरीत आणि निस्तेज दिसते. तिशीपर्यंत चालून गेलेला साबण अचानक झोंबू लागतो, तो याचमुळे.

स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीची भर पडते. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ वर्षे आहे; पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास मानले जाते. म्हणजे आपल्याकडे हा बदल चार-पाच वर्षे आधीच दारात येतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन झपाट्याने घटते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के आणि त्यानंतर दरवर्षी सुमारे २ टक्के, असे प्रमाण या विषयावरील वैद्यकीय लिखाणात दिले जाते. त्वचा पातळ होणे, लवकर खरचटणे, विनाकारण खाज सुटणे या तक्रारी बहुधा याच काळातील असतात. पुरुषांमध्ये ही घट सावकाश होते, म्हणून ती तितकी जाणवत नाही. मात्र दाढीच्या रोजच्या घर्षणाने आणि त्यावर चोळलेल्या तुरटीने त्यांचीही त्वचा कोरडी पडतेच.

हे बदल थांबवणारे कोणतेही क्रीम बाजारात नाही. कोरडेपणा आणि उन्हाने होणारी हानी मात्र बऱ्याच अंशी रोखता येते.

धुणे: जितके कमी, तितके बरे

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे ४.५ ते ५.५ इतका असतो. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या घरात जातो. दर वेळी साबण लावला की हा समतोल बिघडतो. तरुण त्वचा तो काही तासांत पूर्ववत करते, मध्यमवयीन त्वचेला अधिक वेळ लागतो. त्यातच दिवसातून चार वेळा तोंड धुण्याची सवय असेल, तर त्वचेला सावरण्यास सवडच मिळत नाही.

साबण घेताना वेष्टनावरील ‘टीएफएम’ हा आकडा पाहावा, असे आपण ऐकलेले असते. याचा अर्थ साबणातील एकूण मेदयुक्त द्रव्याचे प्रमाण. भारतीय मानकानुसार किमान ७६ टक्के प्रमाणाचा साबण पहिल्या दर्जाचा, ७० टक्क्यांचा दुसऱ्या आणि ६० टक्क्यांचा तिसऱ्या दर्जाचा धरला जातो. हा आकडा उपयोगाचा आहे, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे. पहिल्या दर्जाचा साबणही अखेर साबणच. तो अल्कधर्मीच असतो. ज्यांची त्वचा धुतल्यावर ताणल्यासारखी वाटते, त्यांनी चेहऱ्यापुरती साबणविरहित वडी वापरून पाहावी. औषधाच्या दुकानात ती ‘सिंडेट बार’ या नावाने मिळते. साबणापेक्षा ती महाग असते, परंतु फक्त चेहरा आणि मानेसाठी वापरली आणि पाणी निथळणाऱ्या साबणदाणीत ठेवली, तर बरेच दिवस पुरते. वडीसुद्धा रात्री एकदाच लावावी. सकाळी नुसते पाणी पुरते. ज्यांची त्वचा या वयातही तेलकट आहे, त्यांनी सकाळीही लावण्यास हरकत नाही. मुंबईच्या दमट हवेत अशी त्वचा पुष्कळांची असते.

गिझरच्या कढत पाण्याचा मोह हिवाळ्यात आवरत नाही, हे खरे. पण कढत पाणी तो मघाचा चुना अक्षरशः विरघळवून नेते. पुणे, नाशिक किंवा विदर्भाच्या कोरड्या थंडीत पोटऱ्या पांढुरक्या पडून खाजतात, त्यामागे थंडीइतकाच कढत पाण्याचा हात असतो. कोमट पाणी आणि थोडक्यात आटोपलेली आंघोळ हा यावरचा बिनखर्चाचा उपाय होय.

येथे उटण्याचा उल्लेख केला पाहिजे. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानात आधी अंगभर तेल जिरवतात आणि मग उटणे लावतात. हा क्रम विचारपूर्वक ठरलेला आहे. ऐन कोरडी हवा सुरू होताना त्वचेवर स्निग्ध थर बसतो आणि उटणे केवळ जास्तीचे तेल काढते. आपण हा क्रम विसरलो आणि उटणे तेवढे ठेवले. नागरमोथा, आंबेहळद, कचोरा, वाळा यांची भरड पूड कोरड्या चेहऱ्यावर रोज घासणे ही मध्यमवयीन त्वचेवर जबरदस्ती आहे. डाळीच्या पिठाचेही तेच. ज्यांना आवडते त्यांनी ते आठवड्यातून एकदा, साय किंवा तेल मिसळून, न घासता लावावे. मुलतानी माती तेल शोषून घेते. कोरड्या त्वचेला तिची गरजच नाही.

लिंबू मात्र चेहऱ्यापासून दूरच ठेवावे. लिंबाची साल आणि रस यांतील काही द्रव्ये उन्हाच्या संपर्कात आली की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. डाग घालवण्यासाठी लिंबू चोळायचे आणि नवे डाग ओढवून घ्यायचे, असा हा प्रकार. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांचे प्रयोगही टाळावेत.

ओलावा: दोन जुन्या बाटल्या

मॉइश्चरायझरची किंमत पन्नास रुपयांपासून पाच हजारांपर्यंत कितीही असू शकते. त्याच्या आत मात्र दोनच प्रकारची कामे चालतात. एक, पाणी धरून ठेवणे आणि दुसरे, ते उडून जाऊ न देणे. पहिल्या कामासाठी ग्लिसरीनइतके भरवशाचे आणि स्वस्त द्रव्य शोधून सापडत नाही. महागड्या क्रीमच्या घटकयादीतही ते बहुधा पहिल्या चार-पाच नावांत असते. दुसऱ्या कामात पेट्रोलियम जेली अग्रेसर आहे. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. दीडशे वर्षांत असंख्य नवी द्रव्ये आली, पण त्वचेतून उडणारे पाणी अडवण्यात तिची बरोबरी करणारे विरळा.

ग्लिसरीन कोरड्या त्वचेवर तसेच, न पातळ करता लावू नये. चिकटते, आणि हवा फार कोरडी असेल तर त्वचेतीलच पाणी ओढते. एक भाग ग्लिसरीनमध्ये तीन-चार भाग पाणी किंवा गुलाबपाणी मिसळावे. हे मिश्रण थोडे थोडे करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवडाभरात संपवावे, कारण त्यात टिकाऊपणासाठी काही घातलेले नसते. आपल्या आई-मावशीच्या पिढीत याच मिश्रणात लिंबू पिळण्याची पद्धत होती. ते लिंबू तेवढे वगळावे.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. तोंड धुतल्यावर किंवा आंघोळ झाल्यावर अंग टिपावे, घासू नये, आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावावे. वाळलेल्या त्वचेवर तासाभराने लावलेले महागडे क्रीम ओलसर त्वचेवर लावलेल्या साध्या क्रीमइतके कामास येत नाही.

खोबरेल तेलाविषयी मतभेद आहेत. अंगासाठी ते उत्तम. साध्या कोरडेपणावर ते खनिज तेलाइतकेच परिणामकारक असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिपिन्समधील एका अभ्यासात दिसून आले होते. चेहऱ्यावर मात्र ते सर्वांनाच मानवत नाही; रंध्रे बुजून पुटकुळ्या येऊ शकतात. ज्यांना पूर्वी मुरुमांचा त्रास होता, त्यांनी चेहरा सोडून इतरत्र वापरावे.

टाचांच्या भेगांसाठी कोकणात कोकमच्या बियांचे तेल वापरतात. त्याला काही ठिकाणी भिरंडेल म्हणतात. एरवी घट्ट असलेले हे तेल अंगाच्या उबेने विरघळते. पाय कोमट पाण्यात बुडवून, टिपून, हे तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी आणि सुती मोजे घालून झोपावे. भेगा खोल असतील तर युरिया असलेले क्रीम अधिक गुणकारी ठरते. ते महागही नसते. मधुमेह असलेल्यांनी टाचांच्या भेगा घरी कापू किंवा ब्लेडने तासू नयेत.

ऊन: आडोसा आधी, क्रीम नंतर

सुरकुत्या, काळपट डाग आणि त्वचेचा सैलपणा यांना आपण वयाच्या खात्यावर टाकतो. प्रत्यक्षात त्यांतील मोठा वाटा उन्हाचा असतो. खात्री करून घ्यायची असेल तर आपल्याच चेहऱ्याची त्वचा दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेशी ताडून पाहावी. दोन्हींचे वय एकच आहे.

उन्हातील अतिनील किरणांचे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोचतात. ‘बी’ प्रकारचे किरण त्वचा भाजतात. ‘ए’ प्रकारचे किरण खोलवर जाऊन कोलॅजेनची नासधूस करतात, आणि ते खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात. त्यामुळे बसच्या किंवा मोटारीच्या खिडकीशी रोज बसणाऱ्यांना घरात-गाडीत असल्याचे समाधान पुरेसे नाही. सनस्क्रीनवरील ‘एसपीएफ’ हा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांपासूनचे संरक्षण सांगतो. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के किरण अडवते. म्हणजे तीसच्या पुढच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्यात फारसे हशील नाही. ‘ए’ किरणांसाठी ‘पीए’ आणि त्यापुढील अधिक चिन्हे पाहावीत. तीन चिन्हे असलेले क्रीम आपल्या उन्हाला योग्य.

आता खर्चाचा प्रश्न. हे आकडे प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढलेले असतात. चेहरा आणि मानेसाठी त्याचे व्यवहारातील माप म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांच्यावर टोकापर्यंत काढलेल्या दोन रेघा. हे साधारण १ ग्रॅम होते. म्हणजे रोज एकदा लावले तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपली पाहिजे. आपल्याकडे ती सहा महिने पुरते. मग ‘सनस्क्रीनचा काही उपयोग होत नाही’ अशी तक्रार येते. शिवाय घाम आला, तोंड पुसले, की दोन-अडीच तासांनी ते पुन्हा लावावे लागते, हे धरले तर सामान्य घराच्या अंदाजपत्रकात ते बसत नाही, हेही मान्य करावे लागेल.

म्हणूनच आडोशाला पहिला मान द्यावा. छत्री ही केवळ पावसाळ्याची वस्तू नव्हे. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात स्त्रिया तोंडाभोवती ओढणी आणि पुरुष डोक्याला रुमाल गुंडाळतात, त्यात शास्त्र आहे. कापड मात्र घट्ट विणीचे हवे. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतील बाहेरची कामे शक्य तेवढी पुढे-मागे करावीत. इतके करून ज्या दिवशी उन्हात राहणे अटळ असेल, त्या दिवशी सनस्क्रीन पुरेपूर लावावे. चिमूटभर क्रीम रोज लावण्यापेक्षा हे बरे.

एक अपवाद आहे. ज्यांना वांग आहे, त्यांना रोजच्या रोज सनस्क्रीन आवश्यक आहे. वांग केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो. त्यांच्यासाठी लोहाचे ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा दिलेले सनस्क्रीन अधिक उपयुक्त ठरते.

वांग आणि ती ट्यूब

वांग म्हणजे गाल, कपाळ, नाक आणि वरच्या ओठावर येणारे तपकिरी पट्टे. गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता आणि ऊन ही त्याची ठळक कारणे. तो चिवट असतो, कमी होतो आणि उन्हाळ्यात परत येतो. या चिवटपणामुळेच माणूस लवकर गुण देणाऱ्या औषधाच्या शोधात निघतो.

अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड अशा तीन द्रव्यांचे मिश्रण डागांवरील उपचार म्हणून मांडले. आज दुकानात मिळणारी तिहेरी क्रीमे याच कल्पनेची वंशज आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे, रात्री, केवळ डागावर लावण्याचे हे औषध आहे. आपल्याकडे ते गोरे करणारे क्रीम म्हणून संपूर्ण चेहऱ्यावर वर्षानुवर्षे लावले जाते.

पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबून टाकते, त्यामुळे त्वचा नितळ दिसते. पुढे ती पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढते, ऊन सोसवेनासे होते. घाबरून क्रीम बंद केले की आग होते आणि चेहरा लालबुंद होतो. पुन्हा लावले की शांत होतो. या चक्रात माणूस अडकतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असे स्वतंत्र नावच दिले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील अनेक केंद्रांत झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले होते. म्हणजे दर सात रुग्णांमागे एक.

कायद्यातील एका पळवाटेमुळे त्वचेवर लावण्याची ही औषधे अनेक वर्षे चिठ्ठीशिवाय विकता येत होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावयाची. कायदा झाला, काउंटरवरची सवय मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच आहे.

ग्राहकाच्या हाती एक सोपा उपाय आहे. ट्यूबवरील बारीक अक्षरांतील घटक वाचावेत. ज्यांचा शेवट ‘-सोन’ने होतो (बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्ल्युटिकासोन), ‘-सोल’ने होतो (क्लोबेटासोल) किंवा ‘-लोन’ने होतो (फ्ल्युओसिनोलोन, ट्रायॲम्सिनोलोन), ती बहुधा स्टेरॉइडे असतात. बुरशीवरील औषधांच्या नावाअखेरचे ‘-झोल’ वेगळे. अक्षरे वाचण्यासाठी चष्मा लागत असेल तर तो लावून वाचावीत, दुकानातच.

ज्यांनी असे क्रीम महिनोन्‌महिने वापरले आहे, त्यांनी हा लेख वाचून ते उद्यापासून एकाएकी बंद करू नये. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते टप्प्याटप्प्याने सोडवावे लागते. हायड्रोक्विनोनचेही तसेच, ते दीर्घकाळ लावत राहिल्यास उलट निळसर काळे डाग पडतात आणि ते जवळजवळ कायमचे असतात.

ज्या डबीवर नावच नाही

स्टेरॉइडच्या ट्यूबवर निदान घटक छापलेले असतात. त्याहून घातक ती उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक किंवा घटकयादी नसलेली, ओळखीतून किंवा पार्लरमधून आलेली डबी. तीत पारा असू शकतो. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो. त्याच वेळी तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडात साठतो.

ही कल्पनेतली भीती नव्हे. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना २०२२ मध्ये मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासात त्यांच्या चेहऱ्यावरील क्रीममध्ये पारा आढळल्याचे वृत्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील १५ जणांत एका विशिष्ट प्रकारचा विकार होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीमे वापरत होते. हा अभ्यास २०२४ मध्ये ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बहुतेकांची प्रकृती क्रीम थांबवल्यावर सुधारली, हा त्यातील दिलासा.

भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनांत पारा हेतुतः घालण्यास बंदी आहे. तरीही बेनामी डबी हाती येतेच. ती कोणी दिली यापेक्षा तिच्यावर काय छापले आहे, हे पाहणे अगत्याचे. अशा क्रीमच्या वापरानंतर पाय किंवा डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीची साधी तपासणी त्वरित करून घ्यावी.

डाग नेहमीच डाग नसतो

चाळिशीनंतर चेहऱ्या-मानेवर दिसणारा प्रत्येक काळेपणा त्वचेचा दोष नसतो. काही वेळा तो आतल्या बिघाडाची वर्दी असते, आणि क्रीम लावण्यात तीच वेळ वाया जाते.

मानेच्या मागच्या बाजूला आणि काखेत त्वचा काळी, जाड, मखमलीसारखी होणे हे त्यातले सर्वांत दुर्लक्षित लक्षण. घरोघरी तो मळ समजून दगडाने, घासणीने घासतात. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ही खूण असू शकते, आणि पुढे मधुमेह उद्भवण्याचा धोका असतो. येथे क्रीमऐवजी रक्तातील साखरेची तपासणी आणि वजनाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. त्याचप्रमाणे अंग अतोनात कोरडे पडणे, केस गळणे, थकवा आणि वजनवाढ हे सारे एकत्र आले, तर थायरॉइडची चाचणी करावी.

कपाळाच्या मध्यावर काळपटपणा किंवा उलट पांढरा डाग दिसू लागला, तर टिकलीवर संशय घ्यावा. टिकलीच्या मागील डिंकातील काही रसायनांमुळे रंगपेशी नष्ट होऊन पांढरा डाग पडू शकतो. तो कोड समजून घरात उगाच घबराट उडते. कुंकवातील काही कृत्रिम रंगांनी त्याच जागी काळेपणा येतो. थोडे दिवस टिकली-कुंकू थांबवून पाहिले की उलगडा होण्यास मदत होते. मात्र पांढरा पडलेला डाग डॉक्टरांना दाखवावाच.

कपाळाची कड, कानशिले आणि मान हळूहळू राखाडी-काळी होत असतील, तर केसांचा रंग तपासावा. काळ्या रंगातील ‘पीपीडी’ हे रसायन अनेकांना सोसत नाही. झटपट काळे करणाऱ्या तथाकथित काळ्या मेंदीतही ते असते. नैसर्गिक मेंदी तांबूस असते; मेंदी काळी असेल तर तिच्यात काही मिसळले आहे असे समजावे. तीळ वेडावाकडा वाढू लागला, त्याचा रंग बदलला, किंवा एखादी जखम महिनाभर भरली नाही, तर घरचे उपाय न करता डॉक्टर गाठावा.

चौथी गोष्ट हवीच असेल तर

सुरकुत्यांवर ठोस पुरावा असलेले, लावण्याचे औषध म्हणून ट्रेटिनॉइनचे नाव घेतले जाते. उन्हाने वयस्क झालेली त्वचा त्याने सुधारते, हे वर उल्लेखिलेल्या क्लिगमन यांनीच १९८६ मध्ये दाखवून दिले. साध्या नावाने मिळणारे त्याचे ०.०२५ टक्क्यांचे क्रीम अनेक आकर्षक ‘अँटी-एजिंग’ डब्यांपेक्षा स्वस्त असते. पण तेही औषधच. सुरुवातीला त्वचा सोलवटते, ऊन अधिक लागते, आणि गर्भधारणेची शक्यता असताना ते वापरू नये. चाळिशीतही ती शक्यता असते. डॉक्टरांनी सांगितले तर वाटाण्याएवढे, रात्री, आठवड्यातून दोनदा अशी सुरुवात करतात. गुण दिसायला तीन-चार महिने लागतात. इतका धीर नसेल तर त्यावर पैसे घालवू नयेत.

हिशेब मांडायचा झाला तर असा. ग्लिसरीनची लहान बाटली आणि पेट्रोलियम जेलीची लहान डबी साधारण शंभर-शंभर रुपयांच्या आत येतात आणि दोन-तीन महिने पुरतात. चेहऱ्याची वडी आणि एक साधे, बिनसुगंधी मॉइश्चरायझर यांची त्यात भर. सर्वांत मोठा खर्च सनस्क्रीनचा. तो छत्रीने निम्म्यावर येतो. नवी कोणतीही वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून पाहावी आणि एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे पुरळ आले तर दोष कोणाचा हे कळते. बदलाचा परिणाम पाहण्यास सहा-आठ आठवडे द्यावेत.

डॉक्टरांकडे जाण्यातही खर्चाची धास्ती वाटते. शासकीय आणि महापालिकांच्या वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत त्वचारोग विभागाची बाह्यरुग्ण सेवा असते. तेथे नाममात्र शुल्कात तज्ज्ञ डॉक्टर पाहतात. गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. जाताना चेहरा कोरा ठेवावा, पावडर लावू नये. आणि घरात वापरात असलेली प्रत्येक ट्यूब, डबी, केसांच्या रंगाचे खोके, टिकलीचे पाकीट असे सारे एका पिशवीत घालून सोबत न्यावे. पार्लरमधून आलेली, वर काहीच न छापलेली डबी असेल तर तीही न लाजता बाहेर काढावी.